पिवळ्या खोलीतली पट्टी

नऊ जानेवारी, शुक्रवार. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी खोलीमावशींच्या खात्यात शहात्तर हजार पाचशे रुपये जमा झाले. नव्या इमारतीतल्या नमुना घरात मुलांची खोली सजवून तिचे फोटो काढून द्यायचे, त्या कामाची ही निम्मी रक्कम होती. उरलेली फोटो झाल्यावर. फोटोची वेळ दुपारी बाराची ठरली होती, कारण त्या खोलीत ऊन बारा ते दीड एवढंच यायचं. आज फोटो झाले नाहीत तर सोमवारी पैसे परत, असं बिल्डरच्या मॅनेजरने बजावून सांगितलं होतं. एवढं मोठं काम मावशींकडे याआधी कधी आलं नव्हतं.

दहा पंचवीसला मावशी त्या खोलीत जमिनीवर बसून फोटोची पेटी रिकामी करत होत्या. पेटी म्हणजे एक जुनी पत्र्याची ट्रंक. कधीच न वाचलेली रंगीत पुस्तकं, लाकडी आगगाडी, कापडी जिराफ आणि सहा उश्या तिच्यात असत. फोटोपुरतं सगळं बाहेर यायचं आणि फोटो झाले की परत ट्रंकेत जायचं. निळी उशी फुगावी म्हणून मावशींनी तिला दोन चापट्या मारल्या, तर आत काहीतरी टणक लागलं. अभ्र्याची चेन उघडून त्यांनी हात घातला. हातात आली ती काटकोनात वाकवलेली, दोन बोटं रुंदीची एक लोखंडी पट्टी आणि तिला चिकटपट्टीने गुंडाळलेले चार स्क्रू. पट्टी फिकट पिवळ्या रंगाने रंगवलेली होती.

मावशींनी उशी खाली ठेवली.

ही पट्टी म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. मुलांच्या खोलीत खणांचं उंच कपाट ठेवलं की ते पट्टीने भिंतीला जखडावं लागतं. नाहीतर मूल एकेक खण बाहेर ओढतं, त्यांचा जिना करतं आणि वर चढतं. उघड्या खणांचं वजन आणि मुलाचं वजन एकाच बाजूला आलं की कपाट मुलासकट खाली येतं. मावशींनी हे कोणाकडून ऐकलेलं नव्हतं. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी त्या एका घरी पडद्यांची मापं घ्यायला गेल्या होत्या. तिथल्या मुलीचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि कपाट कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं होतं. शिक्षा केल्यासारखं. त्या दिवसापासून पट्टीशिवाय कपाट नाही, हा त्यांचा नियम झाला.

या धंद्याआधी मावशी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायच्या. एका गिऱ्हाइकाचा मुलगा नव्या खोलीत झोपेना. आईबाप टेकीला आले होते. मावशी पडदा लावायला गेल्या आणि सहज त्याच्या पलंगावर आडव्या झाल्या. तिथून पाहिलं तर दारामागच्या खुंटीला अडकवलेला बापाचा रेनकोट थेट उभ्या माणसासारखा दिसत होता. त्यांनी खुंटी हलवली आणि मुलगा त्या दिवसापासून झोपू लागला. हळूहळू लोक त्यांना पडद्याऐवजी खोलीसाठीच बोलावू लागले. कोणत्याही खोलीत शिरल्यावर त्या आधी गुडघ्यावर रांगत फेरी मारत, मग पलंगावर पडून छत बघत, आणि मग टेप काढत. मुलाचे डोळे किती उंचीवर, हात कुठवर पोचतो, ही मापं त्यांना तोंडपाठ होती. दिव्याचं बटण मुलाच्या हाताला लागेल एवढं खाली घेत आणि खिडकीची कडी हात पुरणार नाही एवढी वर. बावीस वर्षांत दोनशे चौदा खोल्या झाल्या. त्यांचं नाव मुलांनीच ठेवलं, खोलीमावशी, आणि पुढे तेच पाटीवर आलं. त्यांचा स्वतःचा मुलगा मात्र एका खोलीच्या घरात पडद्याआड वाढला. अजूनही चिडवायचा, "दुनियेला खोल्या वाटल्यास आई, आणि मला पडदा."

खोली ताब्यात देण्याची त्यांची एक पद्धत होती. घरातल्या सगळ्यांना बोलवायचं, कपाटाचा वरचा खण उघडायचा, त्याला धरायचं आणि पाय उचलून लोंबकळायचं. वजन त्रेसष्ट किलो. "जरा कमी करा," असं कोणी म्हणालं की त्या म्हणायच्या, "मग कपाटं तपासणार कोण?" कपाट जागचं हलायचं नाही, मुलं टाळ्या वाजवायची आणि आईबाप निर्धास्त व्हायचे. किल्ली त्यानंतर.

आणि आता पट्टी त्यांच्या हातात होती. म्हणजे कुठेतरी एक कपाट तिच्याविना उभं होतं.

"मिस्त्री," त्यांनी हाक मारली, "इकडे या."

मिस्त्री पहिल्या खोलीपासून त्यांच्याबरोबर होते. ते खिडकीवर पडद्याचा दांडा बसवत होते. "बाई, दांडा तिरका राहिला तर मग मला बोलू नका."

"खड्ड्यात गेला दांडा. ही पट्टी कुठली?"

मिस्त्री खाली उतरले. पट्टी उजेडाकडे धरून त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "माझीच. कडा मीच घासल्यात. तुमच्याकडे कशी?"

"तेच तुम्हाला विचारतेय."

"मला काय विचारता? मी पट्टी लावतो, काढत नाही. बावीस वर्षांत एक काढली असली तर दाखवा."

"ओरडू नका."

"ओरडत नाही. आवाजच असा आहे."

मिस्त्रींची एक सवय होती. पट्टी उठून दिसू नये म्हणून ते तिला त्या त्या भिंतीचा रंग देत. मावशींनी फोनमधली खोल्यांची यादी उघडली. हा पिवळा आजवर दोनदाच वापरला होता. एकदा दातांच्या डॉक्टरांकडे आणि एकदा नदीपलीकडच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. त्यांनी डॉक्टरांच्या घरी फोन लावला. डॉक्टरांच्या बायकोने उचलला.

"वहिनी, मुलाच्या खोलीत जाऊन कपाटाच्या वर, मागच्या बाजूला हात घालून बघता का? लोखंडी पट्टी लागतेय का?"

"आत्ता? पोळ्या लाटतेय हो."

"आत्ताच. मी थांबते."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग काही नाही. मिस्त्री मावशींच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मावशी भिंतीकडे. पट्टी नसली तर बरं, असं क्षणभर त्यांना वाटून गेलं. डॉक्टरांचा मुलगा आता नऊ वर्षांचा होता, कपाटावर चढायचं वय त्याने मागे टाकलं होतं.

"आहे," वहिनी म्हणाल्या. "धुळीने माखलीय, पण आहे. हलतसुद्धा नाही. का हो, काय झालं?"

"काही नाही. धूळ पुसून घ्या," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मग तो दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला. चौदा महिन्यांपूर्वी, नोव्हेंबरात. खोली दोन दिवस आधीच ताब्यात दिली होती, लोंबकळून झालं होतं, टाळ्या झाल्या होत्या. त्या दिवशी फक्त फोटो होते. मिस्त्री दाढ दुखते म्हणून घरी होते. फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, रंग दिलाय खरा, पण तिरप्या उन्हात पट्टीची सावली पडतेय बघा. दोन मिनिटं काढा ना." मावशींनी मिस्त्रींच्या पेचकसाने स्वतः स्क्रू काढले, कपाट वीतभर डावीकडे सरकवलं आणि पट्टी हरवू नये म्हणून निळ्या उशीच्या अभ्र्यात ठेवली. फोटो सुरेख आला. मग ऊन गेलं, घरच्यांकडे पाहुणे आले, आवराआवरीची घाई झाली. कपाट त्यांनी पुन्हा जागेवर सरकवलं आणि उश्या ट्रंकेत भरल्या, त्या आजच बाहेर निघाल्या. त्या फोटोची मोठी प्रत त्यांच्या ऑफिसात दाराच्या समोरच लावलेली होती. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी ती बघायचं.

"मीच," मावशी म्हणाल्या. "मी काढली. फोटोसाठी."

मिस्त्रींना बोलायची आयती संधी होती आणि त्यांनी ती सोडली. त्याचीच मावशींना जास्त भीती वाटली.

त्या घराच्या मालकांचा नंबर लावला तर तो बंद झालेला होता. गेल्या जूनमध्ये बदली होऊन ते दुसऱ्या शहरात गेल्याचं मावशींनी ऐकलं होतं.

"रिकामंच पडलं असेल बाई घर," मिस्त्री म्हणाले. "दीड वाजेपर्यंत इथलं उरकू. मग जाऊ."

"आणि रिकामं नसलं तर?"

मिस्त्रींनी पडद्याच्या दांड्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि ड्रिल मशीन पिशवीत घातलं.

दारात मॅनेजर भेटला. "मावशी, कुठे निघालात? फोटोग्राफर निघालाय तिकडून."

"एक पट्टी बसवायची राहिलीय. ती बसवून येते."

"पट्टी? साहेब येणार आहेत बाराला. ऊन तुमच्यासाठी थांबत नाही."

"नका थांबवू," मावशी म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या. पैशांचं पाकीट ट्रंकेजवळच राहिलं, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा मिस्त्रींची स्कूटर पूल ओलांडत होती.

"मूल असेल का हो तिथे?" मागे बसलेल्या मावशींनी विचारलं.

"असलं तरी शाळेत असेल. शुक्रवार आहे."

"शाळेत जायच्या वयाची मुलं चढत नाहीत, मिस्त्री. त्याआधीची चढतात."

सिग्नल लागला. मिस्त्रींनी पाय टेकला. लाल आकडे एकोणनव्वदपासून खाली येऊ लागले. मावशी ते मोजत नव्हत्या, तरी प्रत्येक आकडा त्यांना दिसत होता. चौदा महिने कपाट पडलं नाही, आजच कशाला पडेल, असं एक मन सांगत होतं. दुसरं म्हणत होतं, पडलं नाही हे तुला कोणी सांगितलं? तुझ्याकडे त्यांचा नंबर नाही, तसा त्यांच्याकडे तुझा तरी कुठे आहे?

इमारतीसमोर मिस्त्री म्हणाले, "जुनी भोकं सैल झाली असतील. जाड गिट्ट्या लागतील. मी समोर हार्डवेअरमध्ये जातो, तुम्ही व्हा पुढे." गिट्टी म्हणजे भिंतीच्या भोकात ठोकायचा प्लास्टिकचा तुकडा, त्याच्याशिवाय स्क्रू धरत नाही. "पैसे आहेत ना?"

"पाकीट राहिलं. तुमच्याकडे?"

"सकाळी पेट्रोल भरलं. बघतो काय ते."

वॉचमन खुर्चीत बसून डबा पुसत होता.

"चौथा मजला, डावीकडचं घर. कोण राहतं?"

"भाडेकरू. नवराबायको कामाला जातात. आजोबा असतात आणि ती छोटी."

"किती छोटी?"

वॉचमनने आपल्या कमरेच्या जरा खाली आडवा हात धरला. मावशींनी तो हात नजरेने मोजला. पंच्याण्णव सेंटिमीटर. साडेतीन वर्षं.

"वर फोन लावा. लवकर."

त्याने भिंतीवरच्या फोनचं बटण दाबून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. बऱ्याच वेळाने एक खरखरीत आवाज आला. "कोण? आम्हाला काही घ्यायचं नाही."

"आजोबा, मी काही विकायला आले नाही. तुमच्या घरातली पिवळी खोली मी केलीय. नात कुठे आहे?"

"खोलीत खेळतेय. पण तुम्ही कोण?"

"सांगते. आधी खोलीत जा आणि तिला कपाटापासून लांब करा. ते कपाट भिंतीला धरलेलं नाही."

"अहो, आम्ही आल्यापासून उभं आहे ते."

"आजोबा, पाया पडते, आधी जा. मग मला वाटेल ते बोला."

"विचित्रच बाई आहे," आजोबा स्वतःशी म्हणाले. रिसीव्हर लोंबकळत भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. सपाता घासत दूर गेल्या. मावशींनी रिसीव्हर कानात घुसेल इतका दाबून धरला. लांबून, आतल्या खोलीतून आजोबांचा आवाज आला, "अगं, पुन्हा चढलीस? उतर बघू आधी, हं, हळू..." मग खेळणी घसरावीत तसा खडखडाट झाला आणि आजोबा मोठ्याने ओरडले. शब्द नव्हता, नुसतं ओरडणं.

लिफ्ट सातव्या मजल्यावर होती. मावशी जिन्याने धावल्या. पायऱ्या मोजायची त्यांना जन्माची सवय. त्या दिवशी मोजल्या नाहीत.

डावीकडचं दार आतून बंद होतं. त्यांनी बेल दाबली, दारावर थापा मारल्या.

"कोण आहे?" दाराच्या खालच्या भागातून आवाज आला.

मावशी तिथेच गुडघ्यावर बसल्या. "मी खोलीमावशी. तुला लागलंय का गं?"

"नाही. मी आधीच उतरले."

"आजोबा कुठे आहेत?"

"आजोबा कपाट धरतायत."

आतून आजोबांचा घुसमटलेला आवाज आला, "बाई, लवकर! मला सोडता येत नाही!"

"धरून ठेवा आजोबा, आले!" मग त्या खालच्या आवाजाला म्हणाल्या, "बाळा, दाराची कडी काढता येईल तुला?"

"माझा हात पोचत नाही. पण माझ्याकडे स्टूल आहे. मांजरीचं."

ते स्टूल मावशींनीच केलं होतं. प्रत्येक खोलीत त्या एक स्टूल देत, मुलाला आपलं आपण खिडकीबाहेर बघता यावं म्हणून. त्याच्यावर ससा रंगवलेला होता, मांजर नव्हे.

"कुठे आहे ते?"

"आजोबांच्या पायाजवळ. आणते." छोटी पावलं पळत निघाली.

"थांब!" मावशी अशा ओरडल्या की समोरच्या घराचं दार उघडलं. "त्या खोलीत जायचं नाही! अजिबात नाही! इकडे ये, दाराजवळ ये."

पावलं थांबली. परत आली. "तू रागावलीस?"

"नाही गं. मी मोठ्याने बोलते. तुमच्या बाथरूममध्ये बादली आहे?"

"आहे. तिच्यात पाणी आहे."

"ओतून दे."

"आई ओरडेल."

"आईला मी सांगते. सगळं ओत आणि बादली इकडे घेऊन ये."

पाणी सांडल्याचा आवाज आला. मग बादली फरशीवरून ओढत येऊ लागली. तेवढ्या वेळात मावशींनी मनात मांडणी केली. पंच्याण्णव सेंटिमीटरच्या मुलीचा हात एकशे पंधरापर्यंत पोचतो. बादली अठ्ठावीस. कडी अंदाजे एकशे चाळीसवर. पोचतो, पण जेमतेम.

"आता बादली उलटी ठेव. दाराला चिकटवून. वर चढ आणि दोन्ही हात दारावर टेकव. टेकवलेस?"

"हो. ओलं आहे."

"चालेल. एक हात दारावरच राहू दे. दुसऱ्याने कडी शोध. घाई करायची नाही."

आतून आजोबांचा आवाज आला, पण आता शब्द कळत नव्हते. कडी कुरकुरली, अडली, पुन्हा कुरकुरली.

"घट्ट आहे."

"जरा वर उचल आणि मग ओढ. वर, आणि मग ओढ."

कडी निघाली. मावशींनी दार बादलीसकट हळूहळू ढकलून आधी मुलीचा दंड धरला, तिला बादलीवरून उचलून बाहेर घेतलं, समोरच्या दारात उभ्या असलेल्या बाईंच्या हातात दिलं आणि आत धावल्या.

कपाट पुढे झुकलेलं होतं. त्याची वरची कड आजोबांच्या उजव्या खांद्यात रुतली होती आणि तीन उघडे खण त्यांच्या छातीला, पोटाला आणि गुडघ्याला टेकले होते. एका हाताने त्यांनी पलंगाचा खांब धरला होता. त्या हाताची बोटं पांढरी पडली होती. पायाशी आगगाड्या, बाहुल्या आणि ते सशाचं स्टूल पडलं होतं.

"हलू नका," मावशी म्हणाल्या. त्यांनी बाजूने आपला खांदा कपाटाखाली घातला. "आता माझ्याकडे आलंय वजन. तुम्ही फक्त गुडघा मागे घ्या."

"पडेल."

"नाही पडणार. गुडघा घ्या."

त्यांनी पायाने खालचा खण आत ढकलला, मग कोपराने मधला, मग हाताने वरचा. खण आत गेले तसं वजन मागे सरकलं. दोघांनी मिळून रेटा दिला आणि कपाट धप्प करून भिंतीला टेकलं. दोघांपैकी कोणीही लगेच हात काढला नाही.

वॉचमन धापा टाकत आला. त्याच्यामागे मिस्त्री, एका हातात ड्रिल आणि दुसऱ्यात कागदाची पुडी. मुलगी त्या बाईंच्या कडेवर बसून दारातून बघत होती.

आजोबा पलंगावर बसले. "रोज चढते," ते म्हणाले. "मीच शिकवलं तिला. खण उघडले की जिना होतो, आपले कपडे आपण ठेवायचे, म्हटलं. कौतुक केलं मी तिचं." त्यांनी खांद्याला हात लावला आणि तो परत मांडीवर ठेवला. "आज तुमचा फोन आला नसता तर... देवासारख्या आलात. पण तुम्हाला कसं कळलं?"

"बाईंची पद्धतच आहे," मिस्त्री घाईने म्हणाले. "जुन्या खोल्या अधूनमधून बघून जातात."

"नाही," मावशी म्हणाल्या. त्यांनी मुठीतली पट्टी आजोबांपुढे धरली. "ही या कपाटाची. चौदा महिन्यांपूर्वी मीच काढली आणि परत लावायची विसरले. आज सकाळी सापडली."

"का काढली?"

"फोटोत दिसत होती म्हणून."

आजोबांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली.

"फोटोसाठी."

"फोटोसाठी."

"चांगला आला का?"

"हो," मावशी म्हणाल्या. "चांगला आला."

मिस्त्रींनी जुनी भोकं मोठी करून जाड गिट्ट्या ठोकल्या आणि लांब स्क्रू आवळले. काम झाल्यावर मावशींनी वरचा खण उघडला, दोन्ही हातांनी धरला आणि पाय उचलले. कपाट हललं नाही.

"मी पण!" मुलगी ओरडली.

"नाही!" सगळेजण एकदम म्हणाले. वॉचमनला हसू आलं, पण आजोबांकडे पाहून त्याने ते गिळलं.

बारा वाजून गेले होते. मिस्त्री हळूच म्हणाले, "दीडपर्यंत ऊन आहे बाई. आत्ता निघालो तर गाठू."

मावशी उठल्या. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "मुलगा आणि सून सहाला येतात. त्यांना कोण सांगणार? मला नाही जमायचं. माझ्या जिवावर पोरगी ठेवून जातात ती."

मावशी परत बसल्या. "तुम्ही जा मिस्त्री. दांडा तेवढा सरळ करून टाका."

"दांडा लावून काय करू? खोली तुमच्याशिवाय कोण मांडणार?"

"मग घरी जा."

मिस्त्री गेले नाहीत. ते खाली जाऊन स्कूटरवर बसून राहिले. मावशींनी बाथरूमपासून दारापर्यंतचं पाणी पुसलं, आजोबांच्या खांद्यावर फ्रिजमधला बर्फ फडक्यात गुंडाळून ठेवला. दुपारी मुलगी झोपली. आजोबा खुर्चीत, मावशी जमिनीवर, असे दोघे तिच्याकडे बघत बसले. फोन आठ वेळा वाजला. आठही वेळा मॅनेजरचा होता. पहिल्यांदा उचलून त्यांनी सांगितलं, "आज येत नाही." नंतर उचलला नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी आईबाप आले. मावशींनी उभं राहून सगळं सांगितलं. मागचं पुढचं काही झाकलं नाही. आपल्या पद्धतीचं, बावीस वर्षांचं, दोनशे चौदा खोल्यांचं काहीच सांगितलं नाही. आई ऐकता ऐकता झोपलेल्या मुलीजवळ गेली आणि तिच्या पोटावर हात ठेवून बसली. बाप म्हणाला, "आता तुम्ही निघा. मी काही बोललो तर वाईट बोलेन." मावशी निघाल्या. त्यांच्यामागून आजोबांनी दार लावून घेतलं. कडी आत सरकल्याचा आवाज त्यांनी जिन्यात थांबून ऐकला.

बारा जानेवारीला, सोमवारी, शहात्तर हजार पाचशे रुपये परत गेले. नमुना घराची खोली दुसऱ्या कोणीतरी केली. मावशींनी रजिस्टर काढून ज्या खोल्यांचे फोटो काढले होते त्या वेगळ्या लिहिल्या. ही पिवळी सोडून एकतीस निघाल्या. पुढच्या सहा आठवड्यांत त्या एकतीसही घरी जाऊन आल्या. प्रत्येक कपाटामागे हात घातला, प्रत्येक खणाला लोंबकळल्या. सगळीकडे पट्टी होती. एके ठिकाणी मुलगा कॉलेजात गेलेला होता. दाढी करता करता बाहेर येऊन त्याने टाळ्या वाजवल्या.

ऑफिसातला पिवळ्या खोलीचा फोटो त्यांनी उतरवला. मिस्त्री म्हणाले, "बाई, फोटोचा काय दोष?" तेव्हा मावशींनी तो पुन्हा लावला, पण गिऱ्हाइकाला दिसेल असा नाही; आपल्या खुर्चीसमोर. फोटोग्राफर आता कुरकुर करतो, पण त्यांच्या सगळ्या फोटोंत पट्टी दिसते.

आजोबांचा खांदा पंधरा दिवस काळानिळा होता, असं वॉचमनने मिस्त्रींना सांगितलं. मावशींचा फोन त्या घरात कोणी उचलत नाही.

जाड गिट्ट्या आणि लांब स्क्रू मिस्त्रींनी इमारतीसमोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून उधार आणले होते. दुकानदार फोनवरचे पैसे घेत नाही, रोखच लागतात. मावशी द्यायला दोनदा गेल्या. एकदा रविवार होता आणि एकदा दुकानदार बाहेरगावी होता. पस्तीस रुपये अजून द्यायचे आहेत.